स्कोअर ९६, तरीही फिल्टर अडकतो: प्रतिसाद, मेन थ्रेड आणि पडद्यावरची मांडणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलेल्या यादीच्या पानावर सुमारे ३,००० नोंदी आहेत आणि कडेला चेकबॉक्सचे फिल्टर आहेत. पानाचा वेग तपासणाऱ्या लाइटहाउस या गूगलच्या साधनाचा परफॉर्मन्स स्कोअर १०० पैकी ९६ येतो, तरीही मोबाइलवरचे वापरकर्ते पान अडकत असल्याची तक्रार करतात. काही जण तर लावलेला फिल्टर आपोआप निघून जातो असे कळवतात, आणि हा दोष आपल्या टेस्टरना एकदाही पकडता आलेला नाही. आपण स्पिनर लावून पाहिलात, पण तो दिसतच नाही. जवळजवळ प्रत्येक कंपोनंट (पानाचा स्वतंत्र तुकडा) मेमोमध्ये, म्हणजे माहिती बदलली नसेल तर तो पुन्हा न बनवण्याच्या सोयीत, गुंडाळलात, तरी फरक पडला नाही. आता सगळे दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये नव्याने लिहावे का, असे आपण विचारता.

नव्याने लिहू नका, निदान या कारणासाठी तरी नको. आपण सांगितलेली सगळी लक्षणे एकाच दुखण्याची आहेत. टॅप झाल्याची पोच देणे आणि टॅपमुळे करावे लागणारे काम ही दोन्ही आपल्या कोडमध्ये एकाच अखंड तुकड्यात बांधली गेली आहेत, आणि तो तुकडा संपेपर्यंत ब्राउझरला पडद्यावर काहीही रंगवता येत नाही.

आपोआप निघून जाणाऱ्या फिल्टरचे कोडे यावरून लगेच सुटते. वापरकर्ता चेकबॉक्सवर टॅप करतो. हँडलर, म्हणजे टॅपला उत्तर देणारे फंक्शन, सुरू होतो आणि मेन थ्रेड, म्हणजे पानाचा कोड चालवणे आणि पडदा रंगवणे ही कामे एकामागून एक उरकणारी ब्राउझरची रांग, अडकतो. खूण उमटत नाही म्हणून टॅप लागलाच नाही असे वाटून तो पुन्हा टॅप करतो. हा दुसरा टॅप हरवत नाही, ब्राउझर तो रांगेत धरून ठेवतो. पहिले काम संपले की खूण उमटते, लगेच रांगेतला दुसरा टॅप पोहोचतो आणि खूण पुसली जाते. कोडच्या दृष्टीने दोन्ही वेळा सगळे बरोबरच घडले आहे, त्यामुळे लॉगमध्ये चूक सापडणार नाही. टेस्टरच्या लॅपटॉपवर हेच काम इतक्या लवकर उरकते की दुसऱ्यांदा टॅप करण्याची वेळच येत नाही. क्रोमच्या डेव्हटूल्समधील परफॉर्मन्स पॅनेलमध्ये सीपीयू सहापट मंद करून पाहा, दोष पहिल्याच प्रयत्नात हाती लागेल. शक्य असेल तर एखादा साधा, दोन-तीन वर्षे वापरलेला अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्याच्यावरच ट्रेस (कोणते काम किती वेळ चालले याची नोंद) घ्या, कारण कृत्रिमरीत्या मंद केलेला लॅपटॉप आणि खरोखर मंद फोन यांत स्मृती आणि ग्राफिक्सच्या बाबतीत अंतर राहतेच.

आता स्कोअरविषयी. लाइटहाउस नेहमीच्या पद्धतीने चालवले की ते पान उघडते, लोड होऊ देते आणि थांबते. ते कशावरही टॅप करत नाही. त्यात टोटल ब्लॉकिंग टाइम हा घटक आहे खरा, आणि ८ व्या आवृत्तीपासून त्याचे वजन एकूण गुणांच्या ३० टक्के आहे. पण तो लोडिंगच्या काळात ५० मिलिसेकंदांहून लांब चाललेल्या कामांचा वरचा भाग मोजतो. पान स्थिरावल्यानंतर फिल्टर दाबल्यावर काय होते, हे त्या ९६ मध्ये कुठेच नाही. स्कोअर खोटा नाही. त्याला आपला प्रश्न विचारलाच गेलेला नाही, एवढेच.

हा प्रश्न विचारणारे मापक म्हणजे इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट, अर्थात आयएनपी. १२ मार्च २०२४ रोजी कोअर वेब व्हायटल्स या गूगलच्या मापकांच्या संचात त्याने फर्स्ट इनपुट डिलेची जागा घेतली. जुने मापक फक्त पहिल्या क्रियेचा आणि तोही हँडलर सुरू होईपर्यंतचाच विलंब पाहत असे, त्यामुळे जवळपास सगळ्या साइट त्यात उत्तीर्ण होत. आयएनपी भेटीतील सर्व क्लिक, टॅप आणि कळ दाबणे लक्षात घेते, आणि बोट टेकल्यापासून पुढची फ्रेम पडद्यावर येईपर्यंतचा पूर्ण वेळ धरते. पानाच्या भेटींपैकी ७५ व्या शतमकाला (म्हणजे चारपैकी तीन भेटी ज्याच्या आत बसतात तिथे) हा आकडा २०० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर चांगला आणि ५०० च्या वर असेल तर वाईट समजला जातो. यात स्क्रोल करणे आणि माउस नुसता वरून फिरवणे मोजले जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

आयएनपीचे तीन भाग पडतात आणि दुरुस्ती कुठे करायची हे त्या तीन भागांवरूनच ठरते. पहिला भाग हँडलर सुरू होण्याआधीच्या प्रतीक्षेचा. दुसरा हँडलर चालण्याचा. तिसरा हँडलर संपल्यापासून फ्रेम दिसेपर्यंतचा, ज्यात स्टाइलची गणना, लेआउट आणि पेंट येतात. गूगलच्या वेब व्हायटल्स लायब्ररीची ॲट्रिब्युशन आवृत्ती प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या ब्राउझरमधून हे तिन्ही आकडे वेगवेगळे देते आणि कोणत्या एलिमेंटवर क्रिया झाली तेही सांगते. ती आजच बसवा. तिचे आकडे येईपर्यंत कोडमध्ये एकही ‘सुधारणा’ करू नका, कारण मेमो गुंडाळण्याचा खटाटोप आपण नेमका आकड्यांअभावीच केला आहे.

आपल्यासारख्या पानावर एका टॅपचा ट्रेस उघडला की साधारण असे चित्र दिसते. डावीकडे एक छोटी पट्टी असते: टॅग मॅनेजरने (विश्लेषणाच्या स्क्रिप्ट पानात घालणाऱ्या साधनाने) पूर्ण डॉक्युमेंटवर लावलेला क्लिक लिसनर, जो प्रत्येक क्लिकला विश्लेषणाची माहिती गोळा करतो. त्यानंतर आपला हँडलर येतो. तो फिल्टरची स्टेट (पानाने लक्षात ठेवलेली सद्यस्थिती) बदलतो, तीन हजार नोंदींची गाळणी करतो आणि उरलेल्या नोंदी नावाप्रमाणे लावतो. लावताना प्रत्येक तुलनेला लोकेलकंपेअर हे भाषेनुसार तुलना करणारे फंक्शन बोलावले जाते. त्याऐवजी इंटल कोलेटरचा एक ऑब्जेक्ट एकदाच बनवून त्याचीच तुलना वापरली तर एवढ्या एका बदलाने पट्टीचा हा भाग डोळ्यांना दिसेल इतका आखूड होतो. पुढे रिॲक्टचा रेंडर येतो, म्हणजे नवी मांडणी ठरवणे, मग कमिट, म्हणजे ती डॉममध्ये (पानातील एलिमेंटच्या रचनेत) उतरवणे. आणि कमिटच्या पोटात जांभळ्या रंगाच्या बारीक रेषांची एक लांबलचक ओळ दिसते. ती मात्र थांबून पाहण्यासारखी असते.

त्या रेषा सक्तीच्या लेआउटच्या असतात. बहुधा प्रत्येक कार्ड स्वतःच्या लेआउट इफेक्टमध्ये आपली उंची वाचते, मजकूर ओसंडत असेल तर ‘अधिक’ हे बटण दाखवण्यासाठी क्लास जोडते, आणि मग पुढचे कार्ड तेच करते. उंची वाचायची म्हणजे ब्राउझरला त्या क्षणी लेआउट अद्ययावत असावा लागतो. आधीच्या कार्डाने नुकताच क्लास बदललेला असल्याने तो पुन्हा करावा लागतो. वाच, लिही, वाच, लिही असे शेकडो वेळा होते. प्रत्येक कार्ड एकटे पाहिले तर निरुपद्रवी असते, म्हणून कोड तपासताना हा दोष सुटतो. उपाय सोपा आहे: आधी सगळ्या उंची वाचून घ्याव्यात आणि मग सगळे क्लास एकदम लिहावेत. त्याहून चांगला उपाय म्हणजे मोजमापच काढून टाकावे आणि मजकूर सीएसएसच्या लाइन क्लॅम्पने ठरावीक ओळींत कापावा. ‘अधिक’ बटणाची यादीत खरोखर गरज आहे का, हे डिझायनरला एकदा विचारून पाहा. यादीतले कार्ड पूर्ण वाचण्याची जागा बहुतेक वेळा तपशिलाचे पान असते.

इथून मुख्य दुरुस्तीकडे येतो. आपला चेकबॉक्स नियंत्रित कंपोनंट आहे, म्हणजे त्याची खूण रिॲक्टच्या स्टेटवरून ठरते, आणि तीच स्टेट यादीही वापरते. परिणामी खूण आणि तीन हजार नोंदींची यादी एकाच कमिटमध्ये पडद्यावर येतात. यादी तयार होईपर्यंत खूण ताटकळत राहते. या दोन गोष्टी वेगळ्या करा. चेकबॉक्सची स्वतःची स्टेट ताबडतोब बदलू द्या आणि यादीला दिली जाणारी स्टेट मार्च २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्ट १८ मधील स्टार्टट्रान्झिशनमध्ये (हा बदल तातडीचा नाही असे सांगणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळा, किंवा यादीकडे युजडिफर्डव्हॅल्यूमधून निघालेली किंमत पाठवा. चेकबॉक्सची स्टेटही ट्रान्झिशनमध्ये टाकण्याचा मोह टाळा, कारण त्याने आपण पुन्हा पहिल्याच जागी याल. ट्रान्झिशनच्याच युजट्रान्झिशन या रूपाकडून मिळणारी ‘काम चालू आहे’ ही खूण पुढे मांडणीत उपयोगी पडेल.

मात्र ट्रान्झिशनकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. त्यामुळे रेंडर अधूनमधून थांबून ब्राउझरला वाट देतो, पण दोन कंपोनंटच्या मध्येच. एखाद्या कंपोनंटच्या आत चाललेली गाळणी किंवा क्रमवारी मध्येच तुटत नाही. आणि कमिट तर अखंडच असतो: डॉममध्ये हजारो नोड एकदम घातले जातात, त्यापाठोपाठ त्या सगळ्यांची स्टाइल आणि लेआउट होतो. आपला दुसरा टॅप याच खिडकीत आला तर तो तसाच अडकेल. म्हणून शेवटी डॉमचा आकार कमी करणे अटळ आहे.

आपण रिॲक्टबाहेर असता तरी तत्त्व हेच राहिले असते. खूण बदलावी, ब्राउझरला एक फ्रेम रंगवू द्यावी, मग जड काम सुरू करावे. यासाठी क्रोमच्या १२९ व्या आवृत्तीपासून स्केड्युलर यील्ड उपलब्ध आहे. लांब चालणारे लूप त्याच्या साहाय्याने तुकड्यांत चालवता येतात आणि उरलेले काम रांगेच्या शेवटी ढकलले जात नाही. पण यील्ड म्हणजे ‘आता रंगव’ असा हुकूम नव्हे. तो थ्रेड मोकळा करतो. त्या क्षणी फ्रेम रंगवायची की नाही हे ब्राउझर ठरवतो. फ्रेम नक्की हवी असेल तर रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेमच्या कॉलबॅकमध्ये शून्य विलंबाचा सेटटाइमआउट लावून त्यात काम ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही सर्वांत भरवशाची आहे, कारण पहिला कॉलबॅक पेंटच्या ऐन आधी चालतो आणि टाइमआउट बहुधा त्यानंतर. आपला स्पिनर का दिसला नाही याचेही उत्तर यातच आहे. स्पिनर दाखवण्याची स्टेट आणि जड काम एकाच हँडलरमध्ये एकापाठोपाठ लिहिले, तर स्पिनर डॉममध्ये येतो, पण तो रंगवण्याची संधी काम संपल्यावरच मिळते आणि तोपर्यंत तो काढूनही टाकलेला असतो.

स्पिनरची दुसरी खोडही सांगून ठेवतो. तो ट्रान्सफॉर्मच्या सीएसएस ॲनिमेशनवर फिरत असेल तर ते काम कंपोझिटर या वेगळ्या थ्रेडवर होते, म्हणून मेन थ्रेड पूर्ण गोठलेला असतानाही तो झकास फिरत राहतो. टेस्टर ते पाहून पान जिवंत आहे असे समजतात. फिरणारे चक्र हा प्रतिसादक्षमतेचा पुरावा नाही.

डीबाउन्सविषयी, म्हणजे क्रिया थांबेपर्यंत काम लांबवण्याविषयी, आपण विचारले नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. शोधाच्या चौकटीत टाइप करताना प्रत्येक अक्षरागणिक काम होऊ नये यासाठी डीबाउन्स ठीक आहे. तो कामांची संख्या कमी करतो, एका कामाची लांबी नाही. शेवटचे अक्षर टाइप केल्यावर थोड्या विश्रांतीनंतर तेच जड काम तसेच कोसळते, आणि वापरकर्ता तेवढ्यात आणखी एक अक्षर टाइप करू लागला असेल तर ते अक्षर अडकते. चेकबॉक्सला तर डीबाउन्स लावूच नये. यादी सर्व्हरवरून येत असेल तर मात्र जुन्या विनंत्या ॲबॉर्ट कंट्रोलरने रद्द करणे आवश्यक आहे, नाहीतर आधी पाठवलेल्या विनंतीचे उत्तर नंतर पोहोचून नव्या निकालांवर चढून बसते.

गाळणी वेब वर्करमध्ये (मेन थ्रेडबाहेरच्या वेगळ्या थ्रेडवर) हलवणे हा उपाय आपल्या नोंदींच्या संख्येला बहुधा लागणार नाही. लागलाच तर वर्करकडून पूर्ण ऑब्जेक्ट परत मागवू नका. संदेशासोबत जाणाऱ्या डेटाची नक्कल करण्यात आणि ती मेन थ्रेडवर उलगडण्यात बचत झालेला वेळ पुन्हा खर्च होतो. फक्त आयडींची यादी मागवा.

आता डॉमच्या आकाराकडे. इथे बहुतेक जण डोळे मिटून व्हर्च्युअलायझेशनची लायब्ररी आणतात, आणि माझा त्याला अर्धाच पाठिंबा आहे. दिसणाऱ्या पंधरा-वीस नोंदीच डॉममध्ये ठेवल्या की वेग मिळतो यात वाद नाही. पण त्याची किंमत वापरकर्ता मोजतो. ब्राउझरच्या ‘पानात शोधा’ सुविधेला न दिसणाऱ्या नोंदी सापडत नाहीत. स्क्रीन रीडर यादीत वीसच घटक असल्याचे सांगतो. प्रत्येक नोंदीला एकूण संख्या आणि क्रमांक सांगणारे एरिया (सहाय्यक तंत्रज्ञानासाठीचे) गुणधर्म हाताने लावावे लागतात. तपशिलाच्या पानावरून मागे आल्यावर स्क्रोलची जागा जपणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. वेगाने स्क्रोल केले की पांढरे पट्टे दिसतात. हे सगळे सोडवता येते, पण ज्या चमूला ते सोडवायला वेळ नसतो तीच चमू सहसा व्हर्च्युअलायझेशन सर्वांत आधी बसवते.

आपल्या पानासाठी मी आधी दोन साधे मार्ग पाहीन. पहिला, पाने पाडणे. एका वेळी पन्नास नोंदी आणि खाली ‘आणखी दाखवा’ हे बटण. तीन हजार नोंदी कोणी सलग वाचत नाही. इतक्या नोंदी एकदम दिसाव्यात अशी मागणी वापरकर्त्याने केली होती की त्या फक्त एपीआयने (सर्व्हरकडून माहिती देणाऱ्या दुव्याने) एकदम दिल्या म्हणून पडद्यावर आल्या, हे तपासून पाहा. दुसरा मार्ग सीएसएसचा: प्रत्येक कार्डाला कंटेंट व्हिजिबिलिटीची ऑटो ही किंमत द्यावी. पडद्याबाहेरच्या कार्डांच्या आतील लेआउट आणि पेंट ब्राउझर पुढे ढकलतो, तरी ती कार्डे डॉममध्ये असतात, म्हणून पानातील शोध चालू राहतो आणि सहाय्यक तंत्रज्ञानालाही ती दिसतात. क्रोममध्ये हे २०२० पासून आहे आणि सफारीच्या १८ व्या आवृत्तीनंतर सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये उपलब्ध झाले. त्यासोबत अंदाजित उंची सांगणारा कंटेन इंट्रिन्सिक साइज द्यायलाच हवा, आणि त्यात ऑटो हा शब्दही हवा, म्हणजे एकदा रंगवलेल्या कार्डाची खरी उंची ब्राउझर लक्षात ठेवतो. नाहीतर स्क्रोलबार उड्या मारतो. हा उपाय तिसऱ्या भागाचा, म्हणजे फ्रेम तयार होण्याचा वेळ कमी करतो. जावास्क्रिप्टने ते नोड निर्माण करण्याचा खर्च तसाच राहतो. आकड्यांत दुसरा भाग मोठा दिसत असेल तर पाने पाडा, तिसरा मोठा असेल तर आधी हे करून पाहा.

फ्रेमवर्क बदलण्याच्या प्रश्नाचे खरे उत्तरही या तीन भागांत आहे. स्वेल्ट किंवा सॉलिड यांसारखी फ्रेमवर्क दुसऱ्या भागातील त्यांच्या वाट्याचे काम कमी करतात, आणि काही ॲप्समध्ये ती बचत मोठी असते. पण हजारो नोडची स्टाइल आणि लेआउट ब्राउझरच करतो. ते नोड कोणी बनवले याच्याशी त्याला देणेघेणे नसते. टॅग मॅनेजरचा लिसनर, सक्तीचे लेआउट आणि एकाच स्टेटला बांधलेली खूण व यादी हे तिन्ही दोष नव्या फ्रेमवर्कमध्ये जसेच्या तसे नेता येतात, आणि घाईत केलेल्या स्थलांतरात ते नेलेच जातात. मेमोबद्दलही हेच. प्रत्येक रेंडरमध्ये नव्याने बनणारे फंक्शन किंवा ऑब्जेक्ट प्रॉप म्हणून गेले की मेमो निष्फळ ठरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये १.० झालेला रिॲक्ट कंपायलर हे काम आपोआप आणि अधिक काटेकोरपणे करतो, तेव्हा हाताने गुंडाळलेले मेमो वाढवत बसू नका. पण खरोखर बदललेली यादी मेमोमुळे लहान होत नाही.

एवढे केल्यावर आयएनपी हिरवा होईल. इथेच थांबणाऱ्या चमू मी पुष्कळ पाहिल्या आहेत, म्हणून पुढचा भाग जरा आग्रहाने लिहितो. आयएनपी पुढच्या फ्रेमपर्यंतच मोजतो. खूण साठ मिलिसेकंदांत उमटली आणि निकाल तीन सेकंदांनी बदलले तरी त्याच्या लेखी सगळे उत्तम असते. वापरकर्त्याला मात्र निकाल हवे आहेत. म्हणून टॅपपासून नवी यादी दिसेपर्यंतचा वेळ परफॉर्मन्स मार्क आणि मेझरच्या मदतीने स्वतंत्रपणे नोंदवा आणि त्याला स्वतःची मर्यादा ठरवा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही पुरेशा आहेत: ०.१ सेकंदापर्यंत प्रतिसाद तत्क्षणी वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांपलीकडे लक्ष टिकत नाही. त्यांचे मूळ रॉबर्ट मिलर यांच्या १९६८ च्या कामात आहे. तेव्हापासून प्रोसेसर कित्येक पटींनी वेगवान झाले, पण माणसाची सहनशीलता फारशी बदललेली नाही.

आता त्या मधल्या वेळात पडद्यावर काय असावे? जुनी यादी पुसून तिच्या जागी करडे सांगाडे आणू नका. सांगाडे पहिल्या लोडसाठी ठीक आहेत, कारण तिथे दाखवायला दुसरे काहीच नसते. फिल्टर बदलताना जुने निकाल हे उपयोगी संदर्भ असतात. ते जागेवरच ठेवून किंचित फिके करावेत आणि नवे तयार झाले की बदलावेत. युजट्रान्झिशनची खूण इथे वापरा. फिके होण्यालाही सीएसएसमध्ये पाव सेकंदाच्या आसपास विलंब द्या, म्हणजे वेगवान फोनवर यादी उगाच लुकलुकणार नाही. टॅपची पोच त्याहूनही आधी देता येते: ओळ दाबताक्षणी रंग बदलणारी ॲक्टिव्ह स्थिती, आणि खूण लागली की पूर्ण ओळ उठून दिसावी यासाठी सीएसएसचा हॅज सिलेक्टर. तो डिसेंबर २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये आहे आणि त्यासाठी जावास्क्रिप्टची एकही ओळ लागत नाही. चेकबॉक्स मात्र खरा असू द्या, डिव्हला रंगवून बनवलेला नको. लेबल पूर्ण ओळीभर पसरवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुगम्यतेच्या निकषांनी एए पातळीला किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेलचे लक्ष्य मागितले आहे, पण अंगठ्याने चालवायच्या यादीत मी त्याच्या दुपटीच्या जवळ जातो.

लेआउट हलण्याबाबत मापकातली एक पळवाट माहीत असावी. क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट हे मापक वापरकर्त्याच्या क्रियेनंतर ५०० मिलिसेकंदांच्या आत झालेली हालचाल मोजत नाही, कारण ती अपेक्षित मानली जाते. फिल्टर दाबल्यावर वर ‘लावलेले फिल्टर’ अशी पट्टी उगवून सगळे चेकबॉक्स खाली सरकत असतील, तर स्कोअर स्वच्छ राहील आणि वापरकर्त्याचा पुढचा टॅप भलत्याच फिल्टरवर पडेल. त्या पट्टीची जागा आधीपासून राखून ठेवा, किंवा ती यादीच्या बाजूला न्या. उलट निकाल अर्ध्या सेकंदानंतर येऊन पान हलले तर ती हालचाल मोजली जाते, त्यामुळे मंद फोनवर हाच आकडा अचानक बिघडलेला दिसतो आणि लोक प्रतिमांच्या आकारात दोष शोधत बसतात.

प्रत्येक टॅपला निकाल बदलावेत की शेवटी एकदाच, हा निर्णय पडद्याच्या रुंदीवर सोडावा असे माझे मत आहे. रुंद पडद्यावर फिल्टर आणि निकाल शेजारी दिसतात, तिथे लगेच बदल योग्य. लहान पडद्यावर फिल्टरचे पान निकालांना झाकून टाकते. मागे न दिसणारी यादी दर टॅपला बदलणे म्हणजे कोणीही न पाहणारे काम करणे. तिथे निवडी साठवा आणि तळाशी ‘४२ निकाल दाखवा’ असे बटण ठेवून फक्त तो आकडा अद्ययावत करत राहा. आकडा मोजणे स्वस्त असते. शून्य निकाल येणार असतील तर ते त्या बटणावरच कळते. तरीही कोणी शून्यावर पोहोचलाच तर कोणता फिल्टर काढल्यास किती निकाल मिळतील हे सांगा. ‘काहीही सापडले नाही’ एवढ्यावर सोडू नका.

निवडी यूआरएलमध्ये असू द्या. त्याने दुवा पाठवता येतो, पान ताजे केल्यावर निवडी टिकतात आणि मागे जाण्याचे बटण अपेक्षेप्रमाणे चालते. फिल्टरचा गट गेट पद्धतीच्या खऱ्या फॉर्ममध्ये ठेवलात तर जावास्क्रिप्ट पोहोचण्याआधीही तो चालतो. सर्व्हरवर रेंडर केलेल्या पानात हायड्रेशन (तयार पानाला जावास्क्रिप्ट जोडले जाणे) पूर्ण होईपर्यंतचा काळ धोक्याचा असतो, कारण पान तयार दिसते आणि टॅप वाया जातात. आपल्या आकड्यांत पहिला भाग, म्हणजे प्रतीक्षेचा, मोठा निघाला तर संशय आधी इथेच घ्यावा.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यासाठी निकालांची संख्या स्टेटस भूमिका असलेल्या एलिमेंटमध्ये लिहा. ते एलिमेंट पानावर सुरुवातीपासून रिकामे हजर असले पाहिजे. मजकुरासह आयत्या वेळी घातलेले एलिमेंट काही जोड्यांमध्ये वाचलेच जात नाही. फोकस चेकबॉक्सवरच राहू द्या. निकालांकडे तो उचलून नेणे उपकारक वाटते, पण कळफलकावरून तीन फिल्टर लावणाऱ्याला तीनदा परत यावे लागते.

ब्राउझरची व्ह्यू ट्रान्झिशन ही सोय वापरून कार्डे सरकत नव्या जागी जातील असे करण्याची कल्पना आपण शेवटी मांडली आहे. या पानावर मी ते करणार नाही. संक्रमण सुरू होताना ब्राउझर जुन्या स्थितीचे चित्र धरतो आणि नवा डॉम तयार होईपर्यंत रंगवणे थांबवतो, म्हणजे जो अडथळा काढण्यासाठी आपण एवढे केले तोच पुन्हा आत येतो. यादीतून तपशिलाकडे जाताना त्याचा उपयोग करा, आणि कमी हालचाल मागणाऱ्या वापरकर्त्यांची सेटिंग पाळा.

विश्लेषणाच्या त्या लिसनरचे काम पेंटनंतर ढकला. पान सोडताना राहिलेली माहिती पेजहाइडच्या वेळी सेंडबीकनने पाठवता येते. अनलोडचा लिसनर लावू नका, कारण त्यामुळे पान मागे-पुढे कॅशमध्ये राहण्याची शक्यता घटते आणि तपशिलावरून यादीकडे परतणे हकनाक मंद होते.

दुरुस्त्या चढवल्यानंतर दुसऱ्याच दिवशी गूगलचे सर्च कन्सोल उघडून निराश होऊ नका. क्रोमचा सार्वजनिक अहवाल मागील २८ दिवसांच्या भेटींवर सरकत राहतो, म्हणून तिथला आकडा हळूहळू उतरेल. शिवाय त्यात आयफोनवरील क्रोमच्या भेटी नसतात. आपण स्वतः गोळा केलेल्या आकड्यांत फरक एक-दोन दिवसांत दिसेल. तिथे फक्त आयएनपी पाहू नका. एकाच चेकबॉक्सवर दोन सेकंदांत दोनदा झालेल्या टॅपची गणनाही आजपासून सुरू करा, कारण ‘फिल्टर आपोआप निघून जातो’ ही तक्रार मिटली की नाही याचा सरळ पुरावा तोच आकडा देईल.